चोपदारांचा दंड

बुधवार, १ जुलै २०२०, आषाढी एकादशी. पुणे.

करोनाच्या साथीमुळे यंदा पायी वारी नाही. १३ जूनला प्रस्थान झाल्यापासून आळंदीतच असलेल्या माउलींच्या पादुका काल एसटीने पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर ते पाहताना बाबांनी टाळ हातात घेतले आणि न वाजवताच पुन्हा खुंटीला अडकवले.

परवा चुलतभावाचा, दादांचा, फोन आला होता. वारी चुकली, निदान एकादशीला दहा-बारा जणांनी आपल्या घरी जमून भजन करावे, असे ते म्हणाले आणि मी लगेच हो म्हटले. सगळे घरचेच आहेत, कोणाला ताप नाही, दारे लावून घेतली की बाहेर आवाजही जाणार नाही, अशी समजूत मी स्वतःची घातली. वास्तविक ताप येण्याआधीही माणसाकडून लागण होऊ शकते, हे मला ठाऊक होते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मार्चमध्ये एका गायनवृंदाच्या सरावाला जमलेल्या ६१ जणांपैकी ५० हून अधिक आजारी पडले आणि दोघे दगावले, हेही मी वाचले होते. बंद खोलीत मोकळ्या गळ्याने गाणे म्हणजे नेमके तेच, आणि आमच्या घरात ७८ वर्षांचे बाबा आहेत.

रात्री झोप लागेना, तेव्हा मुक्कामाच्या तळावरची समाजआरती आठवत राहिली. हजारो टाळ एकाच वेळी घुमत असतात आणि सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे काठी, उंचावला की क्षणात सारा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्या दिंडीचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात आणि मग ते टाळही थांबतात. तिथे पोलीस नसतो, दंडाची पावती नसते. इतकी वर्षे मी त्या शांततेत उभा राहिलो आहे, आणि नाक्यावर पोलीस असताना नाकावर मास्क ओढणारा, घराची दारे लावताच नियम विसरायला निघालेलाही मीच. याची मला मनापासून लाज वाटली.

सकाळी दादांना फोन करून नको म्हणालो. ते दुखावले, "देवाच्या नावालाही भ्यायचे का?" एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. संध्याकाळी बाबा, मी आणि सौ. अशा तिघांनीच हरिपाठ म्हटला. बाबांचा आवाज मधेच दाटून आला, पण त्यांनी एकही अभंग सोडला नाही.

उद्या द्वादशी. पारणे करण्याआधी दादांना पुन्हा फोन करीन आणि समाजआरतीची आठवण काढीन. ती त्यांनी माझ्याहून अधिक वर्षे पाहिली आहे.