नदीकाठचं उन्हाळं: गोव्याहून निघण्याआधी

गोव्यात झरीवर न्हायला जायची चाल जुनी आहे. केसरवाल आहे, पोंबुर्फा आहे, रिवणच्या बाजूला आहेत, पण ही सगळी थंड पाण्याची. नेत्रावळीच्या गोपीनाथाच्या देवळातली बुडबुड्यांची तळी पाहून पाहुणे दर वेळी विचारतात, पाणी उकळतंय का? नाही. बुडबुडे वायूचे आहेत, पाणी गारच. ऊन पाणी हवं असेल तर पत्रादेवीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीच्या, पुढे जावं लागतं.

पश्चिम किनाऱ्यावरचा गरम झऱ्यांचा पट्टा पालघर जिल्ह्यात सुरू होतो आणि राजापूरला संपतो. लांबी सुमारे ३५० किलोमीटर, १८ ठिकाणं, मिळून साठेक झरे, तापमान ३४ ते ७२ अंश सेल्सिअस. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा जागेला कोकणात उन्हाळं म्हणतात. उन्हाळे, उन्हवरे ही गावांची नावं त्यावरूनच पडली. ऋतूशी त्यांचा संबंध नाही.

पणजीहून सगळ्यात जवळचं राजापूरचं उन्हाळे, अर्जुना नदीच्या काठी. म्हापसा, बांदा, कुडाळ, कणकवली, खारेपाटण असं हायवेने सरळ गेलं की साडेतीन-चार तास लागतात. ट्रेनने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून बरंच लांब आहे. उन्हाळे गावच्या झऱ्याचं पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं, थेट अंगावर घेता येतं. आणखी शंभरेक किलोमीटर पुढे, संगमेश्वर ओलांडून तुरळ लागतं. तिथलं पाणी साठीच्या घरात आहे. त्याच्या पुढे गडनदीजवळ आरवली, ते परत चाळिशीचं. एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावात चालत नाही, आणि याच गैरसमजातून माणसं भाजतात.

६० अंशांच्या पाण्यात पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजते. ५५ अंशांना अर्धा मिनिट लागतो, ५० अंशांना पाच मिनिटं. हे आकडे मोठ्या माणसाचे. पोरांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची जाणीव गेली आहे त्यांना तर भाजल्याचं कळतच नाही. म्हणून स्वयंपाकघरातला काडीचा डिजिटल थर्मामीटर सोबत ठेवावा. हाताचा अंदाज फसवतो: नदीच्या गार पाण्यातून काढलेला हात चाळीस अंशांनाही कढत म्हणतो आणि आधीच तापलेल्या हाताला कढत पाणीही तेवढं कढत वाटत नाही. हिरवंगार शेवाळ दिसलं म्हणून पाणी सोसवेल असंही समजू नये. पंचावन्न अंशांतही हिरवा थर वाढतो, शिवाय त्यावरून पाय सटकतो तो वेगळाच.

बऱ्याच ठिकाणी आता बांधलेली कुंडं आहेत. पण खरी मजा नदीच्या पात्रात उगम सापडला तर. तिथे दगड रचून आपलं आळं करता येतं. जागा शोधायची ती सकाळी लवकर. काठच्या वाळूतून बारीक बुडबुडे येतात, थंडीत वाफ दिसते, अनवाणी पायाला वाळू ऊन लागते.

आधी उगमाचा प्रवाह मोजावा. पंधरा लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली, तर सेकंदाला अर्धा लिटर. मग हिशेब. उगम ६० अंश, जानेवारीतली नदी २५ अंश आणि आपल्याला हवं ४०, तर तीन बादल्या ऊन पाण्याला चार बादल्या गार. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि गुडघ्याच्या जरा खाली, म्हणजे ४० सेंटिमीटर खोल आळ्यात १,२०० लिटर पाणी मावतं. अर्धा लिटरचा उगम असेल तर गार पाण्यासकट ते सतरा-अठरा मिनिटांत भरतं. याहून मोठं आळं करायच्या फंदात पडू नये, पाणी भरता भरता निवतं. हाच हिशेब मे महिन्यात कोलमडतो. नदी तीस अंशांवर गेली की तीन बादल्या ऊन पाण्याला चारऐवजी सहा बादल्या गार लागतं, आणि नेमकं तेव्हाच पात्रात पाणी नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी जावं. पावसाळ्यात उगम पुराखाली असतो, तिकडे फिरकूच नये.

भिंत नदीतल्याच गोट्यांची. मोठे खाली, चपटे वर, फटींत बारीक खडी आणि वाळू. वरच्या अंगाला वीतभर फट ठेवून तिच्यात एक चपटा दगड उभा करावा. तो आपला नळ: तिरका केला की गार पाणी जास्त, सरळ केला की कमी. ही फट उगमाच्या अगदी शेजारी हवी, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. ऊन पाणी हलकं, ते वर तरंगतं. फट लांब ठेवली तर गार पाणी तळाला बसतं, वरचा थर वेगळा राहतो आणि माणूस छातीशी भाजतो, पायाशी कुडकुडतो. दोन्ही पाणी एकमेकांवर आदळलं पाहिजे. तरी बसण्याआधी हाताने चांगलं ढवळावं आणि थर्मामीटर उगमाशी, मधोमध आणि बुडाशी असा तीनदा लावावा. ढवळलं की गढूळ होणारच. वीस मिनिटांत निवळतं. सिमेंटची पोती, प्लास्टिक भिंतीत कोंबू नये आणि निघताना भिंत पाडून टाकावी.

बेचाळीसच्या वर बसू नये. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. गरोदर बाई, हृदयविकार असलेला माणूस, प्यायलेला माणूस यांनी पाय सोडून काठावर बसावं. गोव्याहून निघालेल्या गाड्यांत बाटल्या असतात म्हणून शेवटचं मुद्दाम लिहिलं.

डोकं पाण्याखाली घालू नये, पोरांना उड्या मारू देऊ नयेत. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो; २०२४ मध्ये केरळात त्याचे बरेच रुग्ण सापडले. आजार दुर्मिळ, पण झाला की माणूस वाचणं कठीण. नाक वर ठेवणं हा सोपा उपाय आहे.

पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाच्या वायूचा. त्याने चांदी काळी पडते. पैंजण, जोडवी, पोरांच्या कमरेची साखळी घरीच काढून ठेवावी. सोन्याला काही होत नाही. देवळाशेजारच्या कुंडात साबण-शाम्पू चालत नाही, बाया-पुरुषांची कुंडं वेगळी असतील तर तसंच वागावं.

बाहेर आल्यावर एकदम उभं राहू नये. ऊन पाण्याने शिरा सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि गोट्यांवर भोवळ येते. आधी काठावर बसावं, मिठाचं कोकम सरबत किंवा पेज घ्यावी, आणि गाडीची किल्ली अर्ध्या तासाने हातात घ्यावी.