एक अंडाशय गेले तेव्हा, आणि दुसरे गेले तेव्हा

माझी दोन्ही अंडाशये काढलेली आहेत, पण एकाच वेळी नव्हे. त्यामुळे एक जाणे आणि दोन्ही जाणे यांतला फरक मी अनुभवलेला आहे.

2014 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, डाव्या अंडाशयाला गाठीमुळे पीळ बसला आणि ते तातडीने काढावे लागले. आता पाळी महिन्याआड येईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उरलेल्या अंडाशयाने सगळे काम अंगावर घेतले आणि पाळी पूर्वीसारखीच येत राहिली.

2023 मध्ये उजव्या अंडाशयातील चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, औषधांना दाद देईना, म्हणून तेही काढले. गर्भाशय मात्र ठेवले. “पिशवी आहे ना, मग पाळी येणारच,” असे सासूबाई म्हणाल्या, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. पण गर्भाशयाचे अस्तर वाढते ते अंडाशयातील संप्रेरकांमुळे. तीच नाहीशी झाल्यावर पाळी कायमची थांबली. एरवी रजोनिवृत्ती काही वर्षांत हळूहळू येते, माझी एका दुपारी आली. जानेवारीतल्या गार सकाळी ठाण्याहून सुटलेल्या लोकलच्या महिला डब्यात अंगातून आगीचा लोळ उठावा तसे झाले आणि ओढणी घामाने चिंब झाली. रात्रीची झोप गेली, योनीमार्गाचा कोरडेपणा सुरू झाला, आणि त्याविषयी बोलायला मला तीन महिने लागले.

रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या कागदावर टाक्यांची काळजी होती, हाडांविषयी एक शब्द नव्हता. तो नौपाड्यातल्या डॉक्टरबाईंनी काढला. इस्ट्रोजेन हे अंडाशयातले संप्रेरक लवकर गेल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी ते बाहेरून घ्यावे, असे त्यांनी सांगितले. मात्र त्याआधी स्तनाच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास विचारला, मॅमोग्राफी आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करवून घेतली. गर्भाशय असल्यामुळे नुसते इस्ट्रोजेन चालत नाही, कारण त्याने अस्तर जाड होऊन कर्करोगाची शक्यता वाढते. म्हणून महिन्यातले 12 दिवस प्रोजेस्टेरॉनही घ्यावे लागते.

त्या गोळ्या संपल्या की दर महिन्याला थोडा रक्तस्राव होतो. त्यात बीज नसते, ती पाळी नव्हेच. पण पहिल्यांदा तो झाला तेव्हा सासूबाई समाधानाने म्हणाल्या, “मी म्हटलं नव्हतं?”