कात्रजचा न येणारा प्रवासी

मी एका ट्रॅव्हल्सवाल्यांच्या बुकिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. भाषा जावा. आदल्या संध्याकाळी मी एक फुटकळ बदल चढवला होता: प्रवाशांच्या यादीतून रद्द झालेली तिकिटं गाळायची आणि उरलेला चार्ट कंडक्टरच्या मोबाइलवर पाठवायचा. सरळ फॉर लूप, म्हणजे यादीतल्या एकेकाला पाहत जायचं. रद्द असेल तर रिमूव्ह, यादीतून काढून टाकायचं.

सकाळी दोन तक्रारी आल्या. बऱ्याच गाड्यांचा चार्ट उघडतच नव्हता. आणि कोल्हापूरची एक गाडी कात्रजला वीस मिनिटं एका प्रवाशासाठी उभी राहिली होती. शेवटी कंडक्टरने फोन लावला तर पलीकडून उत्तर, "अहो, मी परवाच तिकीट रद्द केलंय."

मी दोन वेगळे बग नोंदवले. पहिल्याच्या लॉगमध्ये कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन होतं, म्हणजे 'एकाच वेळी बदल झाला' असं सांगून प्रोग्राम थांबवणारी चूक. नावात 'कॉन्करंट' दिसल्यावर मी दुपारपर्यंत थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दुसरी कामं, शोधत बसलो. थ्रेड एकच होता! यादीवरून फिरताना आपणच तिच्यातून काही काढलं तरी हेच एक्सेप्शन येतं. इतकं फसवं नाव कुणी ठेवलं असेल, असं मनात आलंच.

पण मग कात्रजच्या गाडीला ते का आलं नाही? तिच्या यादीत पाच जण होते, चौथा आणि पाचवा रद्द. कागदावर मांडून पाहिलं. लूप चौथ्यापाशी आला तेव्हा इटरेटरचा, म्हणजे यादीवरून फिरवणाऱ्या यंत्रणेचा, कर्सर (किती जण उचलून झाले त्याची खूण) ४ वर. चौथा काढला, यादीचा आकारही ४ झाला. पुढे कोणी आहे का, हे ठरवताना अॅरेलिस्टचा (जावातल्या या यादीचा) इटरेटर एवढंच बघतो की कर्सर आकाराएवढा झाला का. झाला होता. लूप मुकाट्याने संपला. यादी बदलल्याची तपासणी होते पुढचा घटक उचलताना, आणि तिथवर तो पोचलाच नाही. पाचवा प्रवासी न बघताच चार्टमध्ये राहिला.

म्हणजे दोन्ही तक्रारींना माझीच ती एक ओळ कारण होती. शेवटून दुसरा सोडून दुसऱ्या कुणालाही काढलं की एक्सेप्शन, आणि शेवटून दुसऱ्याला काढलं की शेवटच्याला गुपचूप न तपासताच सोडणं. दस्तऐवजात लिहिलेलंच आहे की या एक्सेप्शनची हमी धरू नका, ते जमेल तेवढंच पकडतं. ते वाचलं मात्र दुपारी दोन वाजता.

सगळ्यात लाज वाटली ती माझ्या टेस्टची. तीन प्रवासी, मधला रद्द. मधला म्हणजे नेमका शेवटून दुसरा! टेस्ट हिरवीगार, म्हणजे पास.

लूप काढून रिमूव्हइफची एक ओळ टाकली; अट लागू होणाऱ्या सगळ्यांना ती स्वतःच यादीतून काढते. ती सोय २०१४ पासून, जावा ८ पासून आहे. टेस्टमध्ये आता पाच प्रवासी बसवलेत, शेवटचे दोघे रद्द. संध्याकाळी गाडीमालकांचा फोन आला. बग सुटला का, हे त्यांनी विचारलंच नाही. वीस मिनिटं इंजिन चालू होतं, त्या डिझेलचे पैसे कोण देणार, एवढंच विचारत होते.