सूर हरवलेल्या बॅटरला किती दिवस खेळवायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला वरचेवर येतो. मेरीलँडला राहायला आल्यापासून मी बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाची चाहती आहे. घरी येणारे पाहुणे, पुण्याहून फोन करणारे मामेभाऊ, इथल्या मराठी मंडळातली मंडळी, सगळे क्रिकेटवर वाढलेले. माझ्यासोबत बसून दोन-चार बेसबॉल सामने पाहिले की कुणीतरी विचारतंच, "अगं, हा बॅटर पंधरा दिवस काहीच करत नाहीये. मग रोज रोज खेळवतात कशाला? बसवत का नाहीत?"

माझं मत सरळ सांगते. प्रेक्षकांचा संयम संपल्यावरही संघानं त्याला बरेच दिवस खेळवावं. फक्त तो आउट कसा होतोय, यावर रोज बारीक नजर ठेवावी. हिट (चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं) मिळाल्या की नाही, एवढ्यावर काहीही ठरवू नये. आणि आउट होण्याची तऱ्हाच बिघडली असं दिसलं, तर मात्र मग रेंगाळू नये.

हे पटण्यासाठी आधी या खेळातलं अपयश समजून घ्यावं लागतं. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा हिट मारणारा माणूस मोठा बॅटर समजला जातो. म्हणजे सात वेळा तो रिकाम्या हातानं परततो. पिचरनं टाकलेला चेंडू ताशी 150 किलोमीटरच्या आसपास येतो आणि बॅटरपर्यंत पोचायला त्याला जेमतेम 0.4 सेकंद लागतात. मारायचं की सोडायचं हे त्याच्याही आत ठरवायचं. चेंडू अगदी कडक बसला तरी तो नेमका क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला की आउट. याउलट बॅटच्या कडेला लागून लुटूपुटू घरंगळलेला चेंडू हिट ठरू शकतो. असे 162 सामने, सहा महिन्यांत, जवळजवळ रोज.

एक हिशोब मी पाहुण्यांना कागदावर करून दाखवते. सरासरी .250 असलेला, म्हणजे चारात एक हिट मारणारा साधा बॅटर घ्या. त्याच्या सलग 20 संधी, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या, कोरड्या जाण्याची शक्यता साधारण 300 मध्ये एक. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण वर्षभरात त्याला 500 संधी मिळणार आणि हा कोरडा काळ कुठूनही सुरू होऊ शकतो. तो धरून हिशोब केला, तर अशा तीन बॅटरपैकी जवळपास एकाला वर्षात कधीतरी 20 संधींचा दुष्काळ निव्वळ योगायोगानं येतो. त्याच्या खेळात काहीही बिघडलेलं नसतं. अशा माणसाला बसवणं म्हणजे नाणं तीनदा उलटं पडलं म्हणून ते फेकून देणं.

विली मेजची गोष्ट इथे सगळे सांगतात, आणि मीही सांगते, कारण ती खरोखर तपशिलात वाचण्यासारखी आहे. 1951 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला मिनियापोलिसहून वर बोलावलं. वय 20. तिथे मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, 35 सामन्यांत त्याची सरासरी .477 होती, म्हणजे जवळजवळ दोनात एक हिट. न्यूयॉर्कच्या संघात आला आणि फिलाडेल्फियातल्या पहिल्या तीन सामन्यांत 12 संधी, हिट शून्य. मग घरच्या पोलो ग्राउंड्सवर त्यानं वॉरन स्पॅनसारख्या दिग्गज पिचरला होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारली. लोकांना वाटलं, सुटला एकदाचा. पण पुढच्या 13 संधी पुन्हा कोरड्या. 26 संधींत एक हिट.

मेज ड्रेसिंग रूममध्ये रडला. मॅनेजर, म्हणजे कोण खेळणार हे ठरवणारा मुख्य कोच, लिओ ड्यूरोशरला म्हणाला, मला परत मिनियापोलिसला पाठवा. ड्यूरोशर अतिशय तापट माणूस, खेळाडूंवर आणि अंपायरवर तुटून पडणारा. पण या पोराला त्यानं शांतपणे सांगितलं की मी या संघाचा मॅनेजर आहे तोवर सेंटर फील्डला (मागच्या मैदानात मधोमध) तूच खेळणार.

यापुढचा भाग सांगताना लोक घाई करतात: मेज त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, जायंट्सनी साडेतेरा सामन्यांची पिछाडी भरून काढत डॉजर्सना गाठलं, पुढे मेजच्या नावावर 660 होमरन लागल्या. माझ्या मते महत्त्वाचं आहे ते त्या जूनच्या सुरुवातीला ड्यूरोशरजवळ काय होतं हे. त्याच्यासमोर .477 चा पुरावा होता. वीस वर्षांचं शरीर होतं. आणि मेज हिट मारत नव्हता तेव्हाही मैदानाच्या मधोमध असे झेल घेत होता की समोरच्या संघाचे रन्स रोज कमी होत होते. म्हणजे बॅट थंड असतानाही तो संघाचं नुकसान करत नव्हता. ड्यूरोशरचा विश्वास हा आंधळा विश्वास नव्हता. तो डोळसपणे, कारणं पाहून ठेवलेला विश्वास होता.

आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, दुसऱ्या संघानं बरोबर उलट केलं. न्यूयॉर्क यँकीजकडे 19 वर्षांचा मिकी मँटल होता. त्याचीही बॅट अडखळू लागली, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन, चेंडू मैदानात न मारताच आउट होणं) वाढत गेले. जुलैमध्ये मॅनेजर केसी स्टेंगलनं त्याला खाली, कॅन्सस सिटीच्या मायनर लीग संघाकडे पाठवलं. तिथेही सुरुवातीला काही जमेना. मँटलनं वडिलांना फोन करून सांगितलं की माझ्याच्यानं आता होत नाही. वडील ओक्लाहोमातल्या शिसं-जस्ताच्या खाणीत काम करणारे. ते गाडी चालवत कॅन्सस सिटीला आले आणि एक अक्षर समजुतीचं न बोलता मुलाचे कपडे बॅगेत भरू लागले. खेळायचं नसेल तर चल, माझ्याबरोबर खाणीत काम कर. मँटल थांबला. कॅन्सस सिटीच्या 40 सामन्यांत त्यानं 11 होमरन मारल्या, सरासरी .361, आणि ऑगस्टमध्ये तो यँकीजकडे परतला. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, मेज आणि मँटल समोरासमोर खेळले. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

म्हणून "सांभाळावं" किंवा "बसवावं" असं एका शब्दात कुणी मला विचारलं की मी 1951 पुढे करते. दोन्ही रस्ते बरोबर निघाले, कारण दोन्हीकडे खेळाडूला आपण कुठे उभे आहोत हे नीट ठाऊक होतं. मेजला माहीत होतं की उद्याही आपण खेळणार. मँटलला माहीत होतं की खाली जाऊन रोज चार वेळा बॅटिंग करायची, हात बसवायचा आणि परत यायचं. मला खरा राग येतो तो मधल्या मार्गाचा: एक दिवस खेळवायचं, दोन दिवस बाकावर, मग अचानक नवव्या इनिंगमध्ये पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, म्हणून उभं करायचं, आणि तो स्ट्राइकआउट झाला की "बघा, अजून सूर नाही" म्हणायचं. 0.4 सेकंदांत निर्णय घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात "आज चुकलो तर उद्या बाहेर" हे वाक्य घुमत असेल, तर त्याची बॅट उशिराच फिरणार.

आता, आउट कसा होतोय हे बघायचं म्हणजे काय बघायचं? पूर्वी हे अनुभवी कोचच्या नजरेवर होतं. 2015 पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा आहे. ती बॅटवरून निघालेल्या प्रत्येक चेंडूचा वेग आणि कोन मोजते. ताशी 95 मैलांहून वेगानं निघालेले चेंडू त्याच प्रमाणात येत असतील, स्ट्राइकआउट वाढले नसतील, बाहेरच्या वाईट चेंडूंमागे तो धावत नसेल, तर हिट नसल्या तरी मी म्हणेन खेळवा. यातलं एकेक बिघडत गेलं, विशेषतः साध्या सरळ फास्टबॉलवर बॅट उशिरा येऊ लागली, तर तिथे योगायोगाचं कारण चालत नाही. एकतर दुखापत लपवली जातेय, किंवा पिचर मंडळींना त्याची कच्ची जागा सापडलीय, किंवा वय झालंय.

सचिन आठवा. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीपर्यंत त्याची बॅट चालत नव्हती. संघानं त्याला खेळवलंच, यात कुणालाच नवल वाटलं नाही. पण त्यानं स्वतः काय केलं? आपण ऑफ स्टंपबाहेर कसे बाद होतोय हे पाहिलं, कव्हर ड्राइव्ह गुंडाळून ठेवला आणि नाबाद 241 काढल्या. मैदानात टिकून राहण्याइतकंच, आपण बाद का होतोय हे शोधण्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

बॉस्टनचा डेव्हिड ऑर्टिझ 2009 मध्ये असाच अडकला होता. पहिली होमरन 20 मे रोजी, म्हणजे हंगाम सुरू होऊन दीड महिना झाल्यावर. मॅनेजर टेरी फ्रँकोनानं त्याला काही सामने विश्रांती दिली, बॅटिंगच्या क्रमात खाली आणलं, पण संघाबाहेर काढलं नाही. वर्ष संपलं तेव्हा 28 होमरन. पुढच्या वर्षी पुन्हा तोच रडका एप्रिल, आणि शेवटी 32 होमरन. क्रमात खाली आणण्याचा हा उपाय मला फार आवडतो. संघाचं नुकसान कमी होतं आणि माणूस रोज खेळत राहतो.

प्रेक्षकांबद्दलही बोलायला हवं. 1952 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सचा गिल हॉजेस सातही सामने खेळला: 21 संधी, एकही हिट नाही, आणि संघ हरला. ब्रुकलिनकरांनी त्याची हुर्यो उडवली नाही. पुढच्या वसंतातही बॅट चालेना, तेव्हा एका रविवारी तिथल्या एका पाद्र्यानं उकाड्यामुळे प्रवचन न देता लोकांना सांगितलं की घरी जा, धर्माज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. त्या वर्षी हॉजेसनं .302 च्या सरासरीनं 31 होमरन मारल्या. प्रार्थनेचा हिशोब मला करता येत नाही. पण स्वतःच्या मैदानावर ज्याला शिव्या ऐकाव्या लागत नाहीत, तो बॅटर मोकळ्या हातानं बॅट फिरवतो, एवढं मी पुष्कळदा पाहिलंय.

हे सगळं ऐकल्यावर ओरिओल्सचे जुने चाहते मला अडवतात: मग क्रिस डेव्हिसचं काय? हाच माझ्यासाठी सगळ्यात अवघड भाग आहे, कारण मला तो माणूस आवडायचा.

डेव्हिसनं 2013 मध्ये 53 होमरन मारल्या, 2015 मध्ये 47. जानेवारी 2016 मध्ये ओरिओल्सनी त्याच्याशी सात वर्षांसाठी 16 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला. 2018 मध्ये त्याची सरासरी .168 होती. पूर्ण हंगाम खेळलेल्या बॅटरची इतकी खालची सरासरी मेजर लीगनं कधीच पाहिली नव्हती. 128 सामन्यांत 192 स्ट्राइकआउट. त्या वर्षीच्या शेवटच्या 21 संधी कोरड्या आणि 2019 च्या पहिल्या 33 कोरड्या. सलग 54. पिचर सोडून इतर खेळाडूंमध्ये आधीचा विक्रम 46 चा होता. 13 एप्रिल 2019 रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर रिक पोर्सेलोच्या चेंडूवर त्याची हिट बसली, दोन रन्स आले. सगळा बाक उभा राहिला आणि चेंडू त्याच्यासाठी जपून ठेवायला मागवला गेला. मीही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. आपल्या मैदानावर त्याला झालेलं बूइंग मला अजिबात सहन व्हायचं नाही.

तरी माझं उत्तर आहे की डेव्हिसला इतके दिवस खेळवायला नको होतं. तो हिट मारत नव्हता म्हणून नव्हे. तो आउट कसा होत होता ते वर्षभर सगळ्यांना दिसत होतं. स्ट्राइकआउट हे योगायोगाचं आउट नव्हे. तिथे क्षेत्ररक्षकाचा संबंधच येत नाही. वय 32 उलटलं होतं. मेजच्या बाबतीत ड्यूरोशरजवळ होतं तसं पुढे बोट दाखवावं असं काहीच उरलं नव्हतं. उरला होता तो करार. पण तो पैसा खेळवलं तरी जाणार होता आणि बसवलं तरी जाणार होता. त्याचे हप्ते तर 2037 पर्यंत चालणार आहेत. म्हणजे रोजच्या लाइनअपचा निर्णय घेताना त्या आकड्याकडे बघायचं काहीच कारण नव्हतं. 2018 मध्ये संघ 115 सामने हरला होता. अशा संघानं ती जागा एखाद्या पंचविशीच्या मुलाला द्यायची, त्याला 400 संधी द्यायच्या आणि शिकायचं. डेव्हिसचं 2019 .179 वर संपलं आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्यानं निवृत्ती घेतली. त्याला रोज उभं करण्यात ना संघाचं भलं होतं, ना त्याचं.

लहान मुलांच्या संघांबद्दलही आया मला विचारतात. तिथे प्रश्नच नको. मूल सलग वीस वेळा आउट झालं तरी त्याची एकविसावी बॅटिंग त्याला मिळालीच पाहिजे.

मोठ्यांच्या खेळात मला सगळ्यात पटलेला निर्णय शिकागो कब्जचा आहे. काइल श्वार्बर 2016 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर थेट उतरून .412 च्या सरासरीनं खेळला होता, शहराचा लाडका झाला होता. 2017 च्या जूनमध्ये सरासरी .171. कब्जनी ना त्याला बाकावर सडवलं, ना गेल्या वर्षीच्या पुण्याईवर उभं ठेवलं. आयोवातल्या आपल्या मायनर लीग संघाकडे पाठवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो परत आला होता, आणि त्या हंगामात त्याच्या 30 होमरन झाल्या.