मींड बंद!

"सरळ जा, घसरू नकोस." आमच्या कॉयरच्या, म्हणजे गायनवृंदाच्या, डिरेक्टर बाईंचं हे वाक्य आता मला मेट्रोत पण ऐकू येतं. माद्रिदमधली अगदी हौशी मंडळी आहोत आम्ही, आणि ख्रिसमससाठी बसवतोय सोळाव्या शतकातल्या व्हिक्टोरिया नावाच्या स्पॅनिश संगीतकाराचं 'ओ माग्नुम मिस्तेरिउम'. चार आवाज (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास), साथीला काहीही नाही, लॅटिन शब्द. अर्थ साधारण असा की काय हे गूढ, गव्हाणीत निजलेला देव आधी जनावरांना दिसला! मला हे फारच आवडलं, गाईगुरांना पहिला मान.

आता सुरुवात बघा. सोप्रानो पंचमावरून थेट खाली षड्जावर येतात, परत पंचम, मग कोमल धैवताला शिवून पुन्हा पंचम. आता ज्या बाईने लहानपणी दहा वर्षं शास्त्रीय गाण्याच्या क्लासला घालवलीयेत तिच्या गळ्यातून प ते सा जाताना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, येणार नाही तर काय येणार? तोच तुकडा आम्ही आल्टोवाल्या मागून खालच्या पट्टीत उचलतो आणि मी घसरले की बाई हात वर करून सगळ्यांना थांबवतात. बरं, कारण पटतं मला. मागून टेनर-बास तेच घेऊन येतात, चारही आवाज एकमेकांत गुंततात, त्यात एकीने मधले सूर पुसत नेले तर बाकीच्यांचा मेळ गढूळ होतो. पटतं, पण म्हणून मींड म्हणजे "सवय, सोडून दे" असं कसं? आमच्याकडे दोन सुरांच्या मधल्या जागेतच तर सगळं गाणं असतं, हे मी त्यांना माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, तर म्हणाल्या छान, पण इथे नको.

आणि मान्य करायला जिवावर येतं, पण मधे 'ओ बेआता विर्गो' (हे धन्य कुमारी) या शब्दांना गुंता सोडून चौघं एकदम एका शब्दावर येतात ना, तिथे अंगावर काटा येतो. असं काही आपल्याकडे नाही. शेवटी आलेलुया, तिथे लय तीनात जाते आणि सगळे नकळत डोलायला लागतात, बाई सोडून.

हे छापलं 1572 मध्ये, वेनिसला, व्हिक्टोरिया तेव्हा रोममध्ये, जेमतेम चोविशीचा. मूळचा स्पेनमधल्या आविलाचा. पुढे इथे माद्रिदला देस्काल्सास रेआलेस मठात राहिलेल्या सम्राज्ञी मारियाचा चॅप्लेन, म्हणजे खाजगी धर्मगुरू, झाला, 1611 मध्ये इथेच गेला. मठ पुएर्ता देल सोल या मधल्या गजबजलेल्या चौकापासून पाच मिनिटांवर, बाहेर डिसेंबरची खरेदीची ही झुंबड! आयुष्यभर त्याने फक्त देवाचंच संगीत लिहिलं, एकही प्रेमगीत नाही. आपल्या लोकांना हे लगेच समजेल, इथल्यांना त्याचं नवल वाटतं.

कार्यक्रमाला सगळ्यांनी पूर्ण काळं घालायचंय. आई फोनवर म्हणाली, देवाच्या दारी गायला काळं? मी म्हटलं अगं इथला नियमच आहे. काळा सलवार-कमीज चालेल म्हणाल्या बाई, फक्त ओढणीची जर, म्हणजे जरीकाम, काढता येईल का असं विचारत होत्या. मींड काढली, जर नाही काढणार.