टिटवीनं औत अडवलं

मे महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे, म्हणजे भडगाव तालुक्यात, वावरातलं काम उजाडायच्या आत सुरू होतं आणि दहाच्या सुमाराला आटोपतं. त्यानंतरचं ऊन बैलांनाही सोसत नाही. गिरणेच्या काठाला आमची तीन एकर काळी जमीन आहे. शिवाय एक गाय, थोड्या शेळ्या आणि एक बैलजोडी. एवढ्याशा जमिनीला बैल पोसणं परवडत नाही, हे गावात ज्याला त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सरकी ढेपेचा भाव ऐकला की मलाही ते पटतं. पण ट्रॅक्टरमागे चालता येत नाही, आणि मला चालायला आवडतं.

रोहिणी लागल्या होत्या. वखराची दुसरी पाळी चालली होती. औतावर आमचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, नाना, आणि मागे पऱ्हाटीची, म्हणजे गेल्या कपाशीची, धसकटं वेचत मी. वखर चालू झाला की पाखरांची जत्रा भरते. गायबगळे साहेबासारखे पावलं मोजत चालतात, साळुंक्या मात्र एकमेकींशी भांडत असतात. त्यांच्या चोचीत हुमणीची अळी आली की कोतवाल झडप घालून ती पळवतो. नाव कोतवाल, धंदा चोराचा! मला त्यांचं कौतुक आहे ते वेगळ्या कारणानंही. गेल्या हंगामातल्या गुलाबी बोंडअळीचे कोष मातीत दडून असतात. वखरानं ते वर आले की काही उन्हानं करपतात, काही ही मंडळी वेचतात. ही फवारणी फुकट होते.

मधल्या पट्ट्यात जोडीतला कैऱ्या बैल एकाएकी थांबला. नानांनी हाकारलं, शेपटी पिळली, पण तो खूर उचलेना. जोडीचा पवळ्या जू ओढून बघत होता, आणि कैऱ्या मान खाली घालून नुसता फुसफुसत होता. त्याच्या नाकापुढे दोन हातांवर एक टिटवी पंख पसरून उभी होती. पिवळ्या काटकुळ्या पायांवरचा तो एवढासा जीव त्या धिप्पाड बैलाला ओरडून ओरडून दम देत होता. दुसरी टिटवी नानांच्या टोपीवर घिरट्या घालत होती. टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात. समुद्राचं माहीत नाही, आमचं औत तिनं थांबवलं.

"आंडा व्हतीन, वहिनी. पाय जपीसन टाका," नाना म्हणाले.

अंडी सापडायला मात्र वेळ लागला. टिटवी घरटं म्हणावं असं काही बांधतच नाही. उघड्या जमिनीत उथळ खळगा, भोवती खडे आणि शेळीच्या वाळक्या लेंड्या, बस्स. चार अंडी, टोकं आत वळवून मांडलेली, रंग थेट मातीचा, वर काळे ठिपके. मी पाहत होते तिथंच ती होती आणि मला दिसत नव्हती. एका अंड्याला बारीक तडा गेला होता. वाकून कान लावला तर आतून आवाज येत होता.

एवढ्यात शेजारचा पोरगा बांधावरून ट्रॅक्टर घेऊन चालला होता. थांबून म्हणाला, "काकू, घमेल्यात उचलून बांधावर ठेवा की." माझ्याआधी जिजीच, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलल्या. त्या भाकरी घेऊन आल्या होत्या. "तुले उचलीसन दुसराना घरमा ठेवू का?" पोरगं हसत निघून गेलं.

खुणेसाठी मी काठी रोवायला निघाले, तर जिजींनी तीही काढून घेतली. नवी वस्तू दिसली की कावळा चौकशीला येतोच. मग बांधावरचा निंब आणि विहिरीवरचं मोटेचं थारोळं एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवली आणि वखर वळसा घालून नेला. पुढच्या फेरीला कैऱ्या तिथं आपणहून वळला. नाना म्हणाले, याला आता साल द्यावं लागेल.

जमीन सोडली ती चार कपाशीच्या झाडांइतकी.

एरवी दहानंतर मी घरी येते. त्या दिवशी निंबाखाली बसून राहिले. बैल गव्हाणीला लावले, कुत्र्याला बांधलं, शेळ्या पलीकडच्या अंगाला हाकलल्या. दोघी टिटव्या म्हणते खऱ्या, पण ते नर-मादी. पाळीपाळीनं अंड्यांवर येत होते. अशा उन्हात अंडी उबवायची नसतात, गार ठेवायची असतात. एक पाखरू गुरांच्या हौदाच्या गळतीपाशी जाई, छातीपोटाची पिसं पाण्यात भिजवी आणि ओल्या अंगानं येऊन अंड्यांवर बसे. त्याची सुटका झाली की दुसरं हौदाकडे. आमचा हौद गळतो म्हणून मी केव्हापासून गवंड्याच्या मागे लागले आहे. त्या दुपारी मात्र गवंडी आला नाही याचा राग आला नाही.

ऊन कलल्यावर दोन पिल्लं बाहेर होती, ओली, मातीच्याच रंगाची. पाय अंगापेक्षा लांब, आणि घाई इतकी की उभं राहण्याआधीच चालायला निघाली. टिटवी कडाडली की जागच्या जागी चपटी होऊन बसायची. मग ते ढेकूळ की पिल्लू, मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी उजाडता खळगा रिकामा होता, कवचंसुद्धा नव्हती. सगळं कुटुंब शेजारच्या पडीक तुकड्यात ओरडत होतं. नानांनी राहिलेला तुकडा वखरून टाकला.

टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आमच्याकडे मानतात. त्या पट्ट्यात जमीन थोडी वर आहे. तिथं पाणी साचत नाही हे टिटवीला आमच्याआधी कळत असणार, एवढाच त्याचा अर्थ मी लावला. नानांनी मोठा लावला. पारावर सांगून झालं, दुधाच्या डेअरीत सांगून झालं, आणि संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं, तेव्हाच त्यांची उचल देऊन झाली होती.

"पानी यंदा बरं पडी, वहिनी," ते म्हणाले. "कपाशी बी चांगली यी. मंग आजून थोडी उचल द्याले काय हरकत?"

जिजी आतून हसल्या. मी निम्मी दिली, बाकीची मृग बरसल्यावर.