नाकवाल्या ट्रकमध्ये काय जपायचं, काय बदलायचं

पुणे, जून. पावसाचे दिवस

जुना नाकवाला, म्हणजे पुढे बोनेट असलेला, टाटा-मर्सिडीज ट्रक दुरुस्तीसाठी हाती आला की चर्चा थेट इंजिनावर जाते. जुनंच ठेवायचं की जास्त ताकदीचं टर्बो इंजिन बसवायचं? मला मात्र खरा प्रश्न केबिनचा वाटतो, आणि नेमकं तेच लोक आधी तोडून टाकतात.

टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डायम्लर-बेंझचा करार १९५४ चा. १९६९ मध्ये तो संपला आणि नाकावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टाटांचा टी आला. त्या काळात कारखान्यातून बहुतेक ट्रक चासी, इंजिन, बोनेट आणि काऊल (काचेखालचा पत्र्याचा भाग) एवढ्यावरच बाहेर पडत. पुढची केबिन आणि माल भरायचा हौदा ठिकठिकाणचे बॉडी बिल्डर सुतार-लोहारांच्या हातून घडवून घेत. म्हणजे जर्मन फोटो बघून सागवानी केबिन उतरवायची आणि वर पत्र्याची गोल केबिन चढवायची, याला मूळ रूपात आणणं म्हणत नाहीत. तो ट्रक तसा कधी नव्हताच. दाराची लाकडी चौकट, माथ्यावरची नक्षी, हाताने ठोकून वळवलेला पत्रा हेच त्याचं मूळ रूप, आणि ते पुन्हा घडवणारे हात आता कमी उरले आहेत. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही.

लाकूड खराब होतं ते बहुधा खालच्या आडव्या पट्टीत. लोखंडी ब्रॅकेटवर लाकूड टेकतं तिथे पाणी अडकतं, आणि स्क्रूच्या भोकातून आत मुरतं. वरून रंग शाबूत दिसतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. आर घेऊन टोचत जावं. टोक सहज आत गेलं की तिथून पुढे निरोगी लाकूड लागेपर्यंत खूण करावी. अख्खी पट्टी बदलायची गरज क्वचितच असते. कुजका तुकडा काढून तिरका सांधा द्यावा, उतार एकास आठ, म्हणजे दोन इंच जाडीला सोळा इंच लांबीचा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जुन्या वाड्यांचं सागवान मिळालं तर तेच घ्यावं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. ओलं लाकूड बसवलं तर उन्हाळ्यात आकसून सांधा उघडतो आणि दार अडकू लागतं. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी. नमदा घालू नये, तो पाणी धरून ठेवतो.

हौदा उतरवलाच असेल तर चासीचा वरचा काठ नीट बघून घ्यावा. लांब लाकडी सिलपाट त्यावर टेकतात आणि गंज तिथेच लपतो. हौदा परत बसवताना त्या काठाला भोक पाडायचं नाही. जास्तीत जास्त ताण वरच्या-खालच्या काठांवरच येतो आणि भोकापासून चीर सुरू होते. हौदा यू बोल्टनेच धरावा, आणि बोल्ट जिथे येतो तिथे चॅनेलच्या आत लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा ठेवावा, नाहीतर नट आवळताना काठ आत वाकतो. रिव्हेटच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर रिव्हेट ढिला आहे. त्यावर वेल्डिंग मारणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. रिव्हेट काढावा, भोक रीमरने गोल करावं आणि घट्ट बसणारा हाय-टेन्साइल बोल्ट मारावा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ६९२ या इंजिनाच्या क्रमांकाचा अर्थ सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. नाना पेठेत विचारत फिरलं तर त्याचं सामान निघतं. नवं टर्बो बसवलं की वाढलेला टॉर्क क्लच, जॉइंट आणि क्राऊन-पिनियन या मागच्या ॲक्सलमधल्या गिअरवर येतो, मग एकेक करत तेही बदलावे लागतात, आणि शेवटी मूळ ट्रकचं फक्त नाक उरतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. २०१९ च्या सुधारणेनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम दुचाकी आणि खासगी चारचाकींसाठी आहेत, मालवाहू ट्रक त्यात सहज बसत नाही. तरी चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, ही त्यांची कसोटी ट्रकलाही लावावी असं मला वाटतं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी उलट बाजूला आहे. हायड्रॉलिक ब्रेकची एकच लाईन असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. कात्रजच्या उतारावर मूळपणा कामाचा नाही. दोन वेगळ्या लाईन चालवणारा टँडम मास्टर सिलिंडर बसवावा, पण बोअर जुन्याइतकाच घ्यावा. मोठा घेतला तर पेडल दगडासारखं होतं, लहान घेतला तर ते फळीला टेकतं. पाइप स्टीलचेच हवेत. तांब्याचा पाइप हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो. ब्रेकच्या लाईनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

चाकांचंही तसंच. लॉक रिंग (टायर जागी धरणारी लोखंडी कडी) असलेल्या डिस्कमध्ये गंज असेल तर हवा भरताना रिंग गोळीसारखी सुटते. मागच्या जोडचाकांचे नट ढिले करण्याआधी दोन्ही टायरांची हवा पूर्ण काढावी. अनेक जुन्या ट्रकना डाव्या बाजूच्या नटांना उलटा आटा असतो. पाना लावून जोर करण्याआधी ते तपासावं, नाहीतर स्टडच तुटतो. टायर जुनं दिसत नसलं तरी बाजूवरचे चार आकडे वाचावेत: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नायलॉन आणि रेडियल टायर एका ॲक्सलवर मिसळू नयेत.

डायनॅमोऐवजी अल्टरनेटर मला मान्य आहे. संथ चालताना डायनॅमो जवळपास चार्ज करत नाही आणि पावसात दिवे, वायपर एकदम लागतात. आधी १२ व्होल्ट की २४ ते बघावं, अर्थिंग बॅटरीच्या कोणत्या टोकाला आहे तेही बघावं. उलटं जोडलं तर डायोड जळतात. डायनॅमोचा जुना कट-आउट (चार्जिंग जोडणारा-तोडणारा स्विच) सर्किटमधून काढावा, मुख्य वायर १६ चौरस मिलिमीटरची घालावी. डॅशबोर्डवरचा ३० ॲम्पियरचा अँमीटर (करंट दाखवणारा काटा) दिसायला तसाच ठेवावा, पण प्रवाह त्यातून जाऊ देऊ नये. आग तिथूनच लागते.

पॉवर स्टिअरिंगचा विचार करण्याआधी पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवून बघावं. खेळ असेल तर बहुधा किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश गेलेत. नवे बुश ठोकताना त्यांचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर येतं का, हे बघितल्याशिवाय ठोकू नयेत, कारण जरा फिरलं की ग्रीस आत जातच नाही आणि नवा बुशही लवकर झिजतो. मग रीमर मारून पिन हाताने सरकेल इतपत बसवावी, ग्रीस दोन्ही टोकांतून बाहेर येईपर्यंत भरावं, टायरांची हवा बरोबर करावी आणि रिकामा ट्रक चालवून बघावा. बहुतेक वेळा पॉवर स्टिअरिंगचा पंप बसवायची गरजच उरत नाही.